तिसऱ्यांदा

वार्डोला बोटीतून उतरले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते
आणि आभाळ रात्रीचंच.
डिसेंबरात तिथे सूर्य वर येत नाही,
क्षितिजाखालूनच थोडं निळं पाठवून देतो.
कॉड माशांचा कारखाना, एकशे चार माणसं,
एक तक्रार, मुद्दे दोन:
सुरी फेकून मारली.
उशिरा आली असं लिहून पगार कापला.
तक्रार युर्गिताची. नाव मुकादमाचं, ओडमुन.

धक्क्यावर घ्यायला ओडमुनच आला होता.
गाडी तापवलेली, थर्मासात कॉफी.
मी म्हटलं, चालत येते.
वारा तोंडावर घेत गेले
आणि वाटेत कबूल केलं स्वतःशी,
माणूस आवडला मला.
तेही लिहून ठेवलं वहीत, पहिल्या पानावर, तारखेसकट.

खोलीत दोन खुर्च्या, त्यातली एक उंच.
कॅन्टीनमधून तिसरी आणून दोन्ही सारख्या केल्या.
युर्गिताची बहीण म्हणाली, मी करते ना भाषांतर.
नको म्हटलं. फोनवर दुभाषी घेतला, कौनासचा, सर्दी झालेला.
तिला विचारलं तेच त्याला, त्याच शब्दांत.
मग गप्प बसले.
गप्प बसणं हे या कामातलं सगळ्यात जड अवजार,
हात भरून येतो, तरी खाली ठेवायचं नसतं.

सुरीचे साक्षीदार तीन.
माग्ना म्हणाली, फेकली.
थुवान म्हणाला, निसटली, हातमोजे ओले होते.
म्हातारा यालमार म्हणाला, मी मासा बघत होतो,
आणि मग काळ्या खिडकीकडे बघत राहिला.
दोनदा विचारलं.
त्याच्या निवृत्तीला आठ महिने उरलेत.

डोळ्यात आणि कानात चार बोटांचं अंतर.
म्हणून डोक्याला जाळी बांधून आत गेले,
तिसऱ्या पट्ट्याशी, ती उभी राहते तिथे.
पायाखाली बर्फाचं पाणी, नाकात आतडी.
समोर भिंतीवर घड्याळ: दोन वाजून अकरा.
माझ्या मनगटावर दोन. दारातल्या यंत्रातही दोन.

काखेत कळसा! खरंच हसू आलं.
बिचारा ओडमुन, भिंतीवरचं बघून लिहीत होता.
अहवालाचं वाक्यसुद्धा मनात जुळलं.
मग उरलेली हजेरी मागवली.
त्या घड्याळाने अख्खा पट्टा रोज उशिरा येत होता,
एकवीस जणं.
लिहिलेलं नाव एकच,
तेही तिने कोरडे हातमोजे मागितले त्या आठवड्यापासून.

दुसरा मुद्दा सिद्ध. पहिला नाही.
दोघांना वेगवेगळं वाचून दाखवलं.
ओडमुनने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली.
युर्गिताने विचारलं, म्हणजे मी खोटी?
मी म्हटलं, मला कळू शकलं नाही, एवढंच लिहिलंय.
दुभाष्याला ते वाक्य दोनदा सांगावं लागलं.

परतीच्या बोटीशी यालमार उभा होता,
दाढीत बर्फाचा चुरा.
घड्याळ लावलं म्हणाला, शिडी घेऊन, मीच.
मी म्हटलं, छान.
बोटीचा भोंगा झाला.
तो म्हणाला,
तिसऱ्यांदा का नाही विचारलंत?

मी बॅग खाली ठेवली.
दातांनी हातमोजा ओढून
वहीचं कोरं पान काढलं, तारीख घातली.
बोट गेली.