बोटभर पेन

डॉनकास्टरला चारलाच अंधार पडतो.
बेटिंगच्या दुकानात मात्र हीटर, फुकटची कॉफी,
आणि काउंटरवरची मॉरीन:
'यशोधन' असं माझं नाव
धड घेणारी या गावात एकटी.

पहिल्यांदा जिंकलो ते अठ्ठ्याऐंशी पौंड.
घोड्याचं नाव आता आठवत नाही,
पण शेवटच्या वळणावर
एक जमैकन म्हातारा, दोन पोलिश पोरं आणि मी
तेच नाव बेंबीच्या देठापासून ओरडत होतो.
या देशात आल्यापासून
इतक्या मोठ्यानं कुठंच बोललो नव्हतो.

नंतर हरलो ते मोजलं नाही.
म्हणजे, मोजलं.
बॉयलर. ओवीची शाळेची सहल.
रेवतीच्या खात्याला अजून हात लावलेला नाही,
असं म्हणताना
'अजून'वर जीभ अडखळते.

दुकानातली ती बोटभर निळी पेनं
माझ्या खिशांतून घरभर झालीत.
परवा फ्रिजवर यादी, त्याच पेनानं लिहिलेली:
दूध, कांदे, तूरडाळ,
आणि खाली, जरा दाबून,
गॅसचा टॉप-अप.
तिनं काही विचारलं नाही.
पेन तेवढं यादीशेजारी ठेवलं होतं.

मी कागद काढून उलटा केला.
मागची बाजू कोरी.
साडेतीनची शर्यत अजून व्हायची होती,
आणि पेन हातात होतंच.