झोपेचा रकाना

मी कुणाचं मूल सांभाळत नाही.
बोस्टनमध्ये, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर,
एजन्सीच्या मागच्या खोलीत बसून
सांभाळणाऱ्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या काढते.
एक्केचाळीस बायका, एक प्रिंटर,
आणि माझ्या आधीच्या कुणीतरी आखून ठेवलेला तक्ता,
ज्यात घरी राहणाऱ्या बाईच्या नावापुढे
रोजचे आठ तास आपोआप वजा होतात.
रकान्याचं नाव : झोप.

सहा वर्षं मी तो पायरीसारखा वापरला.
पाय ठेवायचा, पुढे जायचं.

योलेत देझीर शुक्रवारी आली.
बुटांवरचा बर्फ दाराबाहेरच झटकला
(परक्यांच्या जमिनी पुसून लागलेली सवय)
आणि टेबलावर एक वही ठेवली.
लहान मुलांची, वर हिरवा डायनोसॉर.
आतल्या नोंदी हैतीच्या क्रेयॉलमध्ये.
माझ्या आईची क्रेयॉल केप वर्दची, निराळी;
शब्द लागेनात.
आकडे लागले.

दोन पाच. तीन दहा. तीन पन्नास. साडेचार.

"खोकला," एकेका आकड्यावर बोट ठेवत ती म्हणाली,
"कुत्रं भुंकावं तसा.
गरम पाणी सोडून न्हाणीघरात वाफ केली,
त्याला मांडीवर घेऊन बसले.
आईबाप शिकागोला होते.
ही रात्र तुमच्या कागदावर आहे, बघा,
झोप, आठ तास, वजा.
मला एवढंच विचारायचंय,
ती झोप घेतली कुणी?"

आवाज चढला नव्हता.
चढला असता तर बरं झालं असतं,
मला एखादा नियम तोंडावर फेकता आला असता.

मिसेस व्हिटकम आतून हसत आल्या.
"अगं, ते लोक तुला घरच्यासारखं वागवतात!"

घरच्यासारखी जेवते,
म्हणजे सगळ्यांचं उरकल्यावर, ओट्याशी उभी.
घरच्यासारखी राहते,
म्हणजे कपडे वाळवायच्या यंत्राला टेकून पलंग.
आणि सारखी उठते. सारखी. सारखी.

कायद्याचा कागद भिंतीवर लावलेला असायला हवा.
होता.
बेकरीनं दिलेल्या कॅलेंडरच्या मागे.
मी कॅलेंडर उतरवलं, खिळा खाली पडला, टण्ण,
एवढाच काय तो माझा पराक्रम.
कागद साध्या भाषेत होता :
कामासाठी उठवलं, तर ते तास कामाचे.
आठवड्याचे ठरलेले तास उलटले, तर पुढचे दीडपट.
मिसेस व्हिटकमनी तो चष्मा न लावता वाचला.

अकरा आठवड्यांचे पैसे निघाले.
कारण वही अकरा आठवड्यांचीच होती.
त्याआधीच्या दीड वर्षाच्या रात्री
तिनं लिहिल्या नव्हत्या, सुचलंच नव्हतं;
सुचलं ते ऑगस्टला घड्याळ शिकवताना.
"मोठा काटा कुठे? लहान कुठे?"
चार वर्षांचं पोर सगळ्या घराला विचारत सुटलं,
आणि एका रात्री, खोकल्यातून मान वर करून, तिला :
"योयो, आत्ता किती वाजले?"
तिनं पाहिलं.
पहिल्यांदाच, म्हणे, स्वतःसाठी पाहिलं.

शेवटच्या पानावर त्याचं एक घड्याळ आहे,
जांभळ्या खडूचं, दोन्ही काटे एकाच लांबीचे.
किती वाजलेत, काही केल्या कळत नाही.
ते पान मी झेरॉक्समध्ये घेतलं नाही.

चेक घेऊन ती गेली. त्या घरातूनही गेली;
"विश्वास राहिला नाही," असं तिकडून पत्र आलं.
ऑगस्टला काय सांगितलं, कुणी कळवलं नाही.

सोमवारी मी तक्ता उघडला. चाळीस नावं.
जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या दुकानातून
चाळीस वह्या आणल्या.
डायनोसॉर संपले होते, ससे मिळाले.
प्रत्येक चिठ्ठीसोबत एकेक घातली.
पाकिटं फुगली, डिंक धरेना, चिकटपट्टी लावली.

टपालाचा जास्तीचा खर्च
एजन्सीच्या खात्यात टाकला.
रकान्याचं नाव : किरकोळ.