पाकिटातलं पिवळं

रत्नमालानं पाकीट पाठवलं, नॉर्वेहून.
तिकिटावर शिंगांना फांद्या फुटलेलं हरीण,
आत कागदाच्या पुडीत चिमूटभर पिवळं.
हळदीचं नव्हे. झेंडूचं तर नव्हेच.
डोळ्यांत बोट घालून बोलणारं.

चिठ्ठीत बारीक अक्षर:
आत्या, हे वठलेल्या पाइनच्या खोडावर येतं.
मूळ नाही, पान नाही, फूल नाही.
तुझ्या दगडफुलाचंच भावंड. पण
तोंडात घालू नकोस.

मंगळवार पेठेत एकतीस वर्षं मसाला कांडते मी.
दगडफूल काळं-करडं, चुरगळलेल्या कागदासारखं,
तेलात पडेपर्यंत मनातलं सांगत नाही.
हे मात्र आधीच सगळं सांगून बसलेलं.

मल्लेशमनं पुडी उजेडात धरली.
रंगखातं बंद पडून सात वर्षं झाली,
त्याची नखं अजून निळी.
"एंदिरा इदि," स्वतःशीच पुटपुटला
आणि अर्धं उकळत्या पातेल्यात टाकलं.
सुताची एक लड. तुरटी नाही, मीठ नाही.
लड बाहेर आली तेव्हा शेजारचा पॉवरलूम
बघायला थांबल्यागत थांबला.
वीज गेली होती.

चिठ्ठीच्या मागे अजून दोन ओळी होत्या,
त्या मी उशिरा वाचल्या:
इथं पूर्वी हे मांसात कालवून लांडग्यांना घालायचे.
बाबांना सांगू नकोस.

बिरा. माझा भाऊ, तिचा बाप.
नान्नजच्या माळावर त्याची मेंढरं.
गेल्या पौषात दोन कोकरं गेली,
तेव्हा रात्रभर काठी घेऊन गवतात बसला
आणि सकाळी येऊन एवढंच म्हणाला,
दिसली गं. पिल्लं होती संगं.
काठीचं काय केलं, ते सांगितलं नाही.

परवा बाजाराला आला.
"पोरीनं काय धाडलंय?"
"रंग," मी म्हटलं.
तारेवरच्या लडीकडं बघत राहिला.
"असल्या बर्फात एवढं पिवळं?
कुणासाठी?"
मला काय माहीत, कुणासाठी.
चहा प्याला, बशी पालथी घातली, गेला.

उरलेली पुडी फडताळात वर आहे,
झाकणाच्या डब्यात, दगडफुलापासून लांब.
उरलंय का, असं त्यानं विचारलं नव्हतं.
तरी रोज मसाल्याला हात घालण्याआधी
मी ते झाकण एकदा चाचपते.