एकशे एकोणीस

कन्ना चौकात खाली सुताचं दुकान, वर माझं टेबल.
अठ्ठावीस वर्षं मी लोकांचं उत्पन्न
त्यांच्या बायकांपेक्षा खरं ओळखतो.

श्रीहरी गुंडला आला तो चैत्रात.
अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना,
हातातल्या मोबाइलवर बेटाचा फोटो:
निळं पाणी, पांढरी घरं, मधोमध बँक.
"बिराजदार, तिथं इन्कम टॅक्सच नाही."
केवढं आहे बेट?
"आपल्या एमआयडीसीएवढं असेल."

मी त्याला कलम वाचून दाखवलं.
ज्या भारतीयाला जगात कुठंच कर लागत नाही
आणि ज्याची इथली कमाई पंधरा लाखांवर आहे,
तो कुठंही राहो, कायदा त्याला इथलाच मानतो.
बेवारस पोराला गाव सांभाळतं, तसं.
श्रीहरी बराच वेळ पंख्याकडे बघत बसला.
"म्हणजे बेटाला सांगायचं, बाबा रे, थोडा तरी घे?"
हो. आणि पावती माग.

बेट समजूतदार निघालं.
वर्षाला एक ठरलेली रक्कम घेतो म्हणालं,
फक्त भाड्याचा करार हवा, नावावर वीजबिल,
पोलिसांचा दाखला, रक्ताचा रिपोर्ट,
आणि निम्मं वर्ष तिथल्याच उशीवर डोकं.
इथं मात्र एकशे एकोणीस दिवस. वर एक नाही.
उतरल्याचा दिवस मोजायचा, उडाल्याचाही.
रात्री पावणेबाराला हैदराबादेत चाक टेकलं
तरी त्या पाव तासाचा अख्खा दिवस.

भिंतीवरचं कॅलेंडर काढून आम्ही वाटणी केली.
नारळी पौर्णिमा, मार्कंडेयाचा रथ: सात.
वडिलांचं श्राद्ध: चार. ("तीनात बसवू.")
दिवाळी, कामगारांचा बोनस, संक्रांतीला गड्डा,
पुतणीचं लग्न, मुलगा अजून बघायचाय,
तरी राखीव नऊ, तेही पेन्सिलनं.
हातात खोडरबर घेऊन
मी याआधी कुणाचं आयुष्य मांडलं नव्हतं.

त्याची आई नरसव्वा जिना चढून आली.
चाळीस वर्षं विड्या वळल्या,
बोटं अजून सरळ होत नाहीत.
"किती दिवस म्हणालास?"
एकशे एकोणीस.
तिनं मनात कट्टे बांधले, पंचवीसचा एक,
तेलुगूत पुटपुटत.
"चार कट्टे, आणि एकोणीस सुट्या.
सुट्या विड्या कारखानदार छाट म्हणून ठेवून घ्यायचा."
अव्वा, म्हटलं, यात छाट नसते.
"सिद्धेश्वराचं देऊळपण पाण्यातच आहे की,"
जिना उतरताना ती म्हणाली,
कुणाला, ते कळलं नाही.

मार्चात, एकशे सतराव्या दिवशी, पासपोर्ट हरवला.
कपाट, गादी, कारखान्याची तिजोरी,
जेलरोड ठाण्यात अर्ज.
विमान गेलं.
अठरा. एकोणीस.
विसावर मी पेन्सिल टेकवली, उचलली, परत टेकवली.
एकविसाव्या दिवशी सापडला
माळ्यावरच्या जुन्या सुपात, तेंदूच्या पानांखाली,
फडक्यात नीट गुंडाळलेला.
सगळ्या देशांच्या शिक्क्यांना तंबाखूचा वास.

"आता काय, बिराजदार?"
घाबरू नका. बेटावरची कमाई बेटावरच राहील,
तिकडचा जो धंदा इथून चालवता तेवढा सापडेल.
बाकी फक्त नाव बदलतं.
मी ते मोठ्यानं वाचलं:
रहिवासी, पण सर्वसाधारण रहिवासी नव्हे.

नरसव्वा दाराजवळच्या बाकावर, चपला हातात.
"ते होय," ती म्हणाली,
"ते मला हा पाळण्यात होता तेव्हापासून माहीत आहे."
मग माझ्याकडे वळून:
"पुढच्या वर्षी किती?"
तेवढेच, अव्वा.
ती गप्प राहिली.
बोटं मात्र मांडीवर काहीतरी वळत होती.