मल्का

गाव सोडलं त्या रात्री
पाद्री ओदिशोंनी किल्ली कुलपातच ठेवली.
घंटा, गालिचे, चांदीचा प्याला, सगळं तिथेच.
शमिरानच्या हातात तेवढी डबी दिली,
रक्तदाबाच्या गोळ्यांची.
आत मल्का:
पीठ, मीठ, आणि त्या पहिल्या प्रभुभोजनापासून
दर वर्षी जुन्यात नवं कालवत आणलेलं
खमीर.

अर्बिलच्या रस्त्यावर नाका.
मिसरूड न फुटलेला पोरगा, खांद्यावर बंदूक.
"काय आहे?"
"पीठ," ती म्हणाली. खोटं नव्हतंच ते.
त्यानं बोट बुडवलं, जिभेला लावलं,
थुंकला. "खारट आहे, म्हातारे."
आणि झाकण
नीट फिरवून परत दिलं.

आता पत्र्याच्या हॉलमध्ये वेदी, प्लास्टिकच्या खुर्च्या.
जनरेटर बंद पडला की अंधारातच गातो आम्ही,
निम्मी कडवी पाठ, निम्मी नुसती गुणगुणत.
पुण्य गुरुवारी शमिरान पीठ चाळायला बसली
तेव्हा विचारलंच मी:
त्या बोटाचं काय?

ती चाळत राहिली.
चाळणी दोनदा आपटली काठावर.
"ते कसं वेगळं काढणार, बाई,
एकदा विरजण लागल्यावर?"