अकरा इंचांची नळी

गुरुवार. वादळ अजून आखातातच आहे.
रेडिओवरचा माणूस सांगतो, उद्या मध्यरात्री किनारा गाठेल,
तोही फ्लोरिडाचा,
आमच्यापासून पाचशे मैल खाली.
मग कालपासून ह्या डोंगरावर
हे जे ओतलं जातंय
ते कुणाचं?

"बेडूकबुडव्या पाऊस," व्हर्लिन म्हणतो त्याच्या बोलीत,
आणि बूट चढवतो.

मी आले होते डेल्फियाचं इन्सुलिन द्यायला,
औषधांचं दुकान तीनलाच बंद करून,
कागदी पिशवी कोटाच्या आत, पोटाशी.
पूल ओलांडला तेव्हा पाणी फळ्यांच्या वीतभर खाली होतं.
पायऱ्या चढून मागे पाहिलं
तर पूल नव्हता.
कठड्याच्या जागी पाण्याला
एक सरळ सुरकुती तेवढी पडलेली.

"आता राहाच," डेल्फिया म्हणाली,
आणि बिडाच्या तव्यातला मक्याचा पाव
दोनाऐवजी तिघांत कापला.

आईचं माहेर वाशिष्ठीच्या काठी.
तिथलं पाणी खालून येतं, पायरी मोजत,
ओळखीच्या माणसासारखं आधी ओटीवर थांबतं.
इथलं वरून आलं,
डोंगराच्या पाठीवरून,
मागच्या दाराने, न विचारता,
सोबत फुटलेल्या मातीचा आणि
ओल्या, चिरलेल्या पाइनचा वास घेऊन.

अंगणात खांबावर व्हर्लिनचं पर्जन्यमापक.
एकतीस वर्षं, सकाळी सात वाजता, वहीत एक आकडा.
मुलीच्या लग्नादिवशी: शून्य पूर्णांक चार शतांश.
भाऊ खाणीत गेला त्या दिवशी: निरंक.
बाकी काही लिहायची त्याला सवय नाही.

आतली नळी एका इंचाची,
बाहेरचं नळकांडं अकराचं.
आतली भरली की बाहेर सांडतं,
मग बाहेरचं पुन्हा आत ओतायचं, मोजायचं,
फेकायचं, पुन्हा ओतायचं.
मी टॉर्च धरते.
खोकल्याचं औषध मापताना पाहते तशीच पाहते,
डोळ्यांच्या रेषेत, खोलगट कडेच्या तळाशी.
"चार," मी म्हणते. "पाच."
तो नळी झटकतो.
गवतावर एक इंच पाऊस पडतो,
पावसात.

सहाव्या इंचाला खालून आवाज आला.
गडगड नव्हे. ठोके.
पाण्याच्या पोटात दगड दगडाला विचारत होते,
निघायचं का?
कुणाची तरी गॅसची टाकी फुसफुसत गेली,
पांढरी, म्हशीसारखी मान वर काढून.
मग पलीकडच्या चर्चचा फलक,
त्यावर रविवारच्या जेवणाचं आमंत्रण, अक्षरं शाबूत.

रात्री दोनला आम्ही पुन्हा बाहेर.
नळकांडं काठोकाठ.
वरचा थेंब पडे, कडेचा एक थेंब उतरे.
किती पडलं,
हे सांगायचं त्या नळीने आता सोडून दिलं होतं.

स्वयंपाकघरात मेणबत्तीपाशी व्हर्लिन वही उघडून बसला.
अकरा लिहिलं.
पेन्सिल तिथेच धरली बराच वेळ.
"अधिकचं चिन्ह मी कधी काढलं नाही," तो म्हणाला.
"अधिक म्हणजे मला ठाऊक नाही, असं."
डेल्फिया सुई टोचून घेत होती.
मान वर न करता म्हणाली,
"मग काढ की. ठाऊक नाहीच तुला."

त्याने काढलं. लहानसं. कोपऱ्यात.

सकाळी सातला रेडिओ खरखरत सांगत होता,
वादळाचा जोर वाढला आहे,
आज रात्री किनाऱ्यावर,
त्यानंतर ते डोंगरांकडे वळेल,
तयारी ठेवा.

खांब ओढ्याकडे कलला होता.
व्हर्लिनने बुटाने बुंध्याशी एक दगड ठोकला,
नळी धुतली,
उलटी करून थेंब काढला,
आणि रिकामी
परत जागेवर लावली.