काळी

ढोबळे साहेबांच्या टेबलावर दोन डबे असत.
एक पिवळा, चेरीच्या वासाचा,
कलकत्त्याहून आलेल्या अधिकाऱ्यांसाठी
आणि 'अय्या, काय छान वास!' म्हणणाऱ्या त्यांच्या बायकांसाठी.
दुसऱ्याचं नाव किल्ल्यांनी खरवडून गेलेलं,
उरलेला फक्त एक आकडा:
सात असेल, किंवा एक.

"गोड तंबाखू शेजाऱ्यासाठी असते, कुंदा," ते म्हणाले,
"काळी आपल्यासाठी."

मी तिथे नकाशे काढायची.
मनसर, कांद्री, गुमगाव,
जमिनीखालचं मँगनीज काळ्या शाईत.
त्याच आठवड्यात मला पाहायला भंडाऱ्याहून माणसं आली होती,
चहा पिऊन, चिवडा खाऊन
'मुलगी सावळी आहे' असं सभ्यपणे म्हणून गेली होती.
साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं.
ते पाइप कोरत होते.

डबा उघडला की आधी काहीच यायचं नाही.
मग हळूच, जसा मागच्या दाराने पाहुणा:
ओलं चामडं,
सुकं अंजीर,
रेल्वेच्या स्लीपरचं डांबर भर मे महिन्यात,
आणि लग्नघरी मागच्या अंगणात
रात्रभर धुमसून पहाटे विझलेली चूल.
हा वास तुम्हाला या म्हणत नाही.
बसायचं तर बसा, म्हणतो.

वडी दाबून दाबून खापरासारखी झालेली.
साहेब तिचा तुकडा तळहातावर चोळत,
आणि बाहेर व्हरांड्यात मोतीराम लाडसे
पन्नीत खर्रा घोटत बसलेला.
आतबाहेर एकच ताल, घस् घस् घस्,
मधे नुसता वाळ्याचा पडदा.

एकदा मोतीरामने मागून ओढली.
"याच्यात काही नाही जी, नुसता धूर."
दहा मिनिटांनी जिन्यावर घाम पुसत,
दोन्ही हातांनी कठडा धरून:
"बाई, गूळ आहे का?"
साहेब आतूनच ओरडले,
"जेवून ये म्हटलं होतं न बे तुला!
आणि घोट घे, ओढ नको. ही काय बंब आहे का?"

मी ओढली नाही, असं सगळ्यांना सांगत आले.
एकदा ओढली.
मार्चअखेर, सगळे गेल्यावर, खिडकी लावून.
जिभेवर आधी माती आली, मग मीठ,
मग पार तळाशी
गोडाचा एक कण, कुणाला न दाखवलेला.
जमीन थोडी तिरपी झाली.
मी टेबल धरून उभी राहिले
आणि बराच वेळ हसत होते.

पुढे साहेबांच्या जिभेवर पांढरा डाग आला.
मेडिकलच्या डॉक्टरांनी बोट दाखवून सांगितलं: हे बंद.
तेव्हापासून ते पाइप भरायचे, दाताखाली धरायचे,
आणि काडी पेटवायचे नाहीत.
संध्याकाळी तशीच डब्यात परत ओतायचे,
मोजून, पगार मोजावा तशी.

डबा माझ्याकडे आला, तो त्यांच्या सुनेने
"हे भंगारात टाकू का?" विचारलं म्हणून.

आता अजनीच्या या दोन खोल्यांत
मी एकटी, वय बहात्तर,
कूलर घरघरतोय, पाणी पुरत नाही.
मागच्या हिवाळ्यात पाहिलं, तंबाखू वाळून भुसा झालेली.
कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून
एका संत्र्याची साल आत ठेवली, ओल यावी म्हणून,
आणि रात्रभर टोचत राहिलं,
साहेब असते तर म्हणाले असते,
'शेजाऱ्यांसाठी केलीस न शेवटी!'

सकाळी झाकण काढलं.
संत्र्याचा वास कुठेच नव्हता.
नाक अगदी आत घातलं, तरी नाही.
तेच चामडं, तेच डांबर, तीच विझलेली चूल,
आणि कोपऱ्यात ती साल,
आक्रसलेली, काळी पडलेली,
जशी पहिल्यापासून त्यांच्यातलीच.